पाटावरचा नाग

"बशी बघा ही. बघा, बघा. कोरडी ठणठणीत!" सुलू भुवडने बशी मिनलबेनच्या नाकापुढे नाचवली. "होळीपासून हिला चहाचा थेंब लागलेला नाही. साहेब आता पेल्यातनं पितात. स्टीलच्या मोठ्या पेल्यातनं. आणि तोही अर्धाच भरायचा, असा हुकूम आहे."

मिनलबेन समोरच्या दारातली. वाटीभर मेथीदाणे मागायला आली होती आणि आता दाणे विसरून चौकटीला टेकली होती. सुलूच्या दारात आलेलं माणूस काम उरकून लगेच परतलं, असं त्या मजल्यावर सहसा घडत नसे.

"तो क्या हुआ, भाभी? मेरे मिस्टर भी मग में पीते हैं."

"तुमचे मिस्टर पहिल्यापासून मग में पीते हैं. हमारा वाला लग्नापासून बशीत ओतून पीत आलाय. असा फुर्रर्र आवाज की शेजारची पोरं झोपेतनं उठायची. और अब? दाढी घर में नहीं करेगा, सलून में जाएगा. बटणाचा शर्ट नहीं मंगता, गळ्यातनं घालायचा टी-शर्ट मंगता, कॉलेजच्या पोरासारखा. क्यों? तर आर्टिस्ट हो गया है वो. आर्टिस्ट!"

शेवटचा शब्द तिने आतल्या खोलीत पोचेल इतक्या जोरात म्हटला. तो पोचलाही. पण खिडकीशी बसलेल्या दशरथरावांनी मान वर केली नाही. मांडीवर उशी, उशीवर ती काचेची पाटी, हातात पांढरं पेन, आणि डोळे बारीक करून ते एका खंड्याची चोच बघत होते. खंड्या पाटीतलाच. खाडीकाठच्या तिवराच्या फांदीवर तो सकाळपासून बसला होता आणि दशरथराव त्याची चोच काढत होते, नाहीशी करत होते, पुन्हा काढत होते. दोन बोटं काचेवर टेकली की शेवटची रेघ गायब. सुलूला त्या पाटीचं काहीच आवडत नसे, पण हे दोन बोटांचं तर विशेष आवडत नसे. केलेलं असं बोटं टेकून नाहीसं करता आलं असतं, तर माणसाने काय काय नाहीसं केलं नसतं!

त्या वस्तूला घरात सगळे टॅब म्हणत. सुलू पाटी म्हणे. ती शाळेत गेली ती दुसरीपर्यंत. दुसरीत पाटी फुटली, बापाने नवी आणली नाही, तिथे गुहागर तालुक्यातल्या त्या शाळेशी तिचा संबंध संपला. म्हणून तिला कुणी कमी समजायचं कारण नव्हतं आणि तशी कुणाची छातीही झाली नाही. परळची खोली विकून भाईंदरकडच्या सिल्व्हर पार्कात जागा घ्यायचं तिने ठरवलं होतं, लेकासाठी, स्वप्नीलसाठी, मुलगी तिने पसंत केली होती, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली की सेक्रेटरी आधी पाणी पीत.

पाटी मूळची सुनेची. मृणालिनी गोरेगावला एका कंपनीत मोबाइलच्या खेळांसाठी चित्रं काढते. पोरं जे खेळ खेळतात त्यातले किल्ले, जंगलं, शिपाई आधी कुणीतरी काढून दाखवावे लागतात, मग ते खेळात येतात. 'कन्सेप्ट' म्हणतात त्याला.

"म्हणजे नक्की काय?" सुलूने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"म्हणजे आई, जे आपण कुणी बघितलेलं नाही ते कसं असेल, ते काढायचं."

"म्हणजे थाप."

"थापच. पण अभ्यास करून मारलेली."

ही सून उलट बोलते, पण हसून बोलते. त्यामुळे सुलूला तिच्याशी धड भांडता येत नाही, ही तिची एक जुनी तक्रार आहे.

मृणालिनीला नवा टॅब मिळाला तेव्हा जुना तिने सासऱ्यांना दिला. ज्या माणसाला फोनवर आलेला फोटो उघडता येत नसे, तो माणूस दोन दिवसांत त्या पाटीवर रुळला. "अगं, ही काच नव्हे, हा आपला ट्रेसिंग पेपर आहे," असं म्हणत त्यांनी सुलूला थरावर थर कसे ठेवायचे ते दाखवलं होतं. खालच्या थरावर आजचा पडका बुरूज काढायचा, वरच्या थरावर तो तेव्हा कसा असेल ते. वरचा झाकला की आज, उघडला की तेव्हा. सुलूने बघितलं आणि म्हणाली, "डाळ लागतेय खाली."

पण ट्रेसिंग पेपरचं तिला कळलं होतं. तो तर तिच्या संसाराचा पाया. दशरथ भुवड जन्मभर ट्रेसर होते. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवायचा आणि तीच रेघ काळ्या शाईने जशीच्या तशी उमटवायची. सगळे नकाशे पाण्याच्या नळांचे. कुठून पाइप निघतो, कुठे वळतो, कुठे दुसऱ्याला मिळतो. पुढे कंपनीत कम्प्युटर आले, दशरथरावांना जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं, तिथून ते रिटायर झाले. स्वतःच्या मनाची एक रेघ त्यांनी कधी ओढली नाही. पण दुसऱ्याची अशी ओढली की साहेब भिंग लावून बघत आणि भिंग खाली ठेवत. सुलू हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगे, "निम्म्या मुंबईचं पाणी आमच्या ह्यांच्या रेघेतनं वाहतंय." बायका हसत. सुलू हसत नसे.

त्या रेघेचा खरा मान नागपंचमीला. भुवडांच्या घरात नाग विकत आणायचा नाही आणि छापील कागदही चिकटवायचा नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाने लाकडी पाटावर ओल्या गंधाने नाग काढायचा. मोठा फणेवाला मधे, बाजूला नागीण, खाली पिल्लं. दशरथराव काडीला कापूस गुंडाळून बसत आणि असे नाग काढत की जणू फूटपट्टी धरली होती. वळणं गोल, कडा सारख्या, कुठे फराटा नाही, थेंब नाही. मिनलबेन दर वर्षी मोबाइल घेऊन फोटो काढायला येई, आणि तिच्यामागून वरच्या मजल्यावरचे लोक. त्या सकाळी सुलू ठेवणीतलं लुगडं नेसून पाटाशेजारी अशी बसे, की नवख्या माणसाने आधी तिलाच नमस्कार करावा.

आणि यंदा ह्या माणसाने काय म्हणावं?

"यंदा टॅबवर काढतो," दशरथराव कालच खाली बघत म्हणाले होते. "चांगला रंगीत काढतो, मागे केवड्याचं बन वगैरे. पाटावर टॅब ठेवू. पूजेला काय, भाव महत्त्वाचा."

"आणि पूजा चालू असताना बॅटरी संपली म्हणजे? नागोबाला चार्जरला लावू?"

"अगं—"

"नागपंचमीला गंधाचा नाग निघाला नाही ना, तर त्या दिवसापासून ही पाटी कपाटात. किल्ली माझ्या कमरेला. मग काढा भिंतीवर खंड्या."

दशरथराव बोलत नसतच फार. पण नेहमी ते गप्प बसत तेव्हा मिशीत हसत असत, आणि काल मिशी जागची हलली नाही. सुलूने ते बघितलं, आणि गुर्मी म्हणून खात्यावर जमा केलं.

*

त्या रविवारी मृणालिनी सासऱ्यांना उत्तनच्या बाजूला चौकच्या टेकडीवर चित्रं काढायला घेऊन निघाली. तिथे धारावी किल्ल्याचा बुरूज आहे, तो समोर बसून काढायचा होता. "आई, तुम्ही पण चला," असं ती सवयीप्रमाणे म्हणाली, आणि सुलू 'नाही' म्हणायची सवय मोडून तयार झाली. काय एवढं मोठं काम चालतं ते एकदा डोळ्यांनी बघू, म्हणजे कपाटाला किल्ली लावताना मनात किंतू नको.

पावसाने उघडीप दिली होती. टेकडी हिरवीगार, खाली समुद्र मातकट, खाडीच्या मुखापलीकडे वसईची झाडी धूसर. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या आणि त्यांच्यावर निळी ताडपत्री. बुरूज म्हणजे बुरुजाचा उरलेला दगड. त्याच्या फटीफटीतून गवत आणि एक उंबराचं रोप.

सासरा-सून शेजारी शेजारी बसले, दोघांनी आपापल्या पाट्या काढल्या आणि दोघांनी एकदम डोळे बारीक केले.

"काय, उन्हं लागतायत? ऊन तर नाही."

"डोळे किलकिले केले आई, की बारीकसारीक दिसेनासं होतं. फक्त उजेड कुठे आणि सावली कुठे, तेवढंच उरतं. ते आधी काढायचं."

"माझी आजी मोतीबिंदूने तसंच बघायची. तिला कुणी कंपनीत घेतलं नाही."

मृणालिनी खळखळून हसली. दशरथरावांचं लक्ष नव्हतं. त्यांनी राखाडी रंगाचा एक जाड फटकारा मारला आणि टेकडी उभी राहिली. दुसरा मारला, बुरूज झाला. मग वर नवा थर घेतला आणि पडलेले दगड परत जागेवर बसवायला लागले. भिंत चढत गेली. भिंतीवर मशाल लागली. खाली पाण्यात शिडाची गलबतं आली. बाजूला लहान लहान चौकोनात त्यांनी वेगवेगळं काढून बघितलं, मशालीची लोखंडी पकड कशी असेल, दोर कसा वळला असेल, पहारेकरी घोंगडी डोक्यावरून घेईल की खांद्यावर. मधूनच पाटीतलं एक जुनं पान उघडून ते तिवरांची मुळं बघत, मधूनच समोरच्या बगळ्याकडे.

सुलू चटईवर बसून डबा सांभाळत होती आणि आपण बघत नाही असं दाखवत बघत होती. तिच्या नवऱ्याच्या हाताखालून आजवर नळ निघाले होते. आज तिथून माणूस निघाला. बुरुजाच्या कोपऱ्यात टेकून, भाला बाजूला ठेवून, मांडीवर फडकं पसरून भाकरी खाणारा पहारेकरी.

"लढाईत हा जेवतोय?"

"वसईवर चाल झाली तेव्हा इथनं खाडीवर नजर ठेवत असणार. रोज कुठे लढाई असते? राहिलेले दिवस माणूस बसूनच काढतो. जेवतो."

"मग कांदा कुठाय? कोरडी भाकरी खातोय तो?"

दशरथरावांनी मिशीत हसून कांदा काढला. सुलूने डबा उघडून ठेवला. त्या घटकेला ती पाटी कपाटात जाणार नाही असं जवळजवळ ठरलं होतं.

टेकडीखाली एका कोळणीची चहाची शेड होती. होड्या बंद असल्या की ती चहा आणि सुके बोंबील विकत असे. तिला सगळे फिलूबाय म्हणत. चहा घेऊन ती वर आली, वाकून दशरथरावांच्या मांडीवरच्या काचेत बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"ही बोटी तू काढल्यास? बेस हायेत गो बाय! माझी होडी पन काढ ना. ती बग, निली ताडपत्री हाय ती."

दशरथरावांनी होडी काढली. सरसर काढली, नाळेपासून सुकाणूपर्यंत एका दमात. फिलूबायने बघितली, मान हलवली.

"काचंत काढलंस ती काचंतच रानार. माज्या काय कामाची? ह्याच्यावर काढून दे. घरात लावते, देवाच्या बाजूला." तिने मिठाईच्या खोक्याचं पांढरं झाकण पुढे केलं आणि कानावरचं बॉलपेन काढून दिलं.

"नाही, ते... कागदावर नाही जमत आता."

"नाही जमत?" सुलू उसळलीच. "जन्म गेला ज्याचा कागदावर, त्याला कागद जमत नाही? ती एवढी मायेने मागतेय, आणि तुमचा भाव बघा! धरा ते." तिने पाटी उचलली आणि त्यांच्या मांडीवर झाकण ठेवलं. "काढा."

दशरथरावांनी पेन घेतलं. पहिली रेघ होडीच्या काठाची. ती निघाली आणि लगेच दातेरी झाली, करवतीसारखी. त्यांनी मनगटावर दुसरा हात दाबला. पेन झाकणावर टकटक वाजलं, दोनदा, तीनदा. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हात मांडीखाली घेतला.

"बाबा, द्या, मी काढते," मृणालिनीने झाकण ओढूनच घेतलं. "मला होड्यांची प्रॅक्टिस पाहिजेच आहे."

"थंडी भरली काय रं तुला?" फिलूबाय म्हणाली.

"हां. वारा आहे जरा."

वारा मुळीच नव्हता. शेडमधल्या चुलीचा धूर सरळ वर जात होता. सुलूने तो धूर बघितला. मग सून बघितली. झाकण ओढायची तिची घाई बघितली. तिने तोंड उघडलं, आणि सासरी आल्यापासून कदाचित पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं.

*

परतीच्या बसमध्ये दशरथराव पुढच्या सीटवर होते. त्यांचा हात मांडीखालीच होता. सुलू त्यांच्या मानेकडे बघत बसली. मानेवर सलूनवाल्याच्या वस्तऱ्याची सरळ रेघ होती.

बशी. चहा बशीत ओतायला दोन हात स्थिर लागतात. म्हणून पेला, आणि तो अर्धा भरलेला. वस्तरा गालावर धरायला हात स्थिर लागतो, म्हणून सलून. काजात बटण घालायला बोटं थांबावी लागतात, म्हणून टी-शर्ट. एकेक गोष्ट आपली आपण उठून समोर उभी राहिली, आणि सुलूने त्यांच्यावरून जे जे टोमणे मारले होते ते सगळे त्यांच्या मागे रांगेने.

भाईंदर येईपर्यंत तिने पुढचं सगळं आखूनही टाकलं. काचेचे कप माळ्यावर. बटणं आपण लावायची. विळीला हात लावू द्यायचा नाही, दूध तापवू द्यायचं नाही, जिन्यावर एकटं सोडायचं नाही. चहा आपण धरायचा, त्यांनी प्यायचा. बस थांबली तेव्हा ती उठली आणि त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून घ्यायला हात पुढे केला. दशरथरावांनी पिशवी घट्ट धरली.

"असू दे गं. जड नाही."

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी सुलूने स्वयंपाकघराचं दार लोटलं. मृणालिनी पातोळ्यांसाठी नारळ खवत होती. नागपंचमीला विळी चालवायची नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून खवणंकापणं सगळं आदल्या दिवशी. हळदीच्या पानांचा वास घरभर झाला होता.

"कधीपासून चाललंय?"

"काय, आई?"

"हात थांबवू नको. हात थांबला की माणसाला खोटं सुचतं. खवत खवत बोल."

मृणालिनीने दोनचार फिरक्या नारळ खवला. मग बोलली. "शिमग्याच्या सुमाराला सुरू झालं. मी बाबांना डॉक्टरकडे नेलं होतं. जिवाला काही नाही आई, खरंच. पण हात थरथरणार. गोळ्यांनी थोडा आवरेल, तरी हळूहळू वाढणार."

"चष्म्याचा नंबर काढायला गेला होतात, तेच ना?"

"तेच."

"तरी म्हटलं, नंबर बदलला आणि चष्मा जुनाच कसा." सुलूने पानं पुसायला घेतली. पुसलेलंच पान ती पुन्हा पुसत होती. "आणि त्या पाटीत नाही थरथरत?"

"थरथरतो. पण त्यात स्टॅबिलायझर असतो."

"फ्रीजला असतो तो?"

"तसाच. करंट वरखाली झाला तरी फ्रीज नीट चालतो ना? तसा हात हलला तरी पाटीवर रेघ शांत येते. जितका हवा तितका वाढवता येतो. बाबांचा मी बराच वाढवून दिलाय." मग हळू आवाजात, "पण नुसतं तेवढंच नाही आई. चित्र त्यांचंच आहे. तो जेवणारा पहारेकरी माझ्या ऑफिसातल्या कुणाला सुचला नसता."

"मला का नाही सांगितलं?"

नारळ खवणं थांबलं. सुलूने ते थांबू दिलं.

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, सुलूला कळलं की ती माझ्या हातात काही ठेवणार नाही. चहासुद्धा तीच पाजेल. मायेनेच करेल, पण करेल. मग मी खुर्चीत बसून राहायचं आणि तिने सगळं करायचं. हात चालतोय तोवर मला चालवू दे."

सुलूला उसळून बोलायचं होतं. मी काय अशी आहे? मी काय माणसाचा पुतळा करून बसवणारी आहे? पण तिला बसमधली यादी आठवली. काचेचे कप माळ्यावर, बटणं आपण, चहा आपण. कप तर आज दुपारीच वर गेले होते. समोरच्या फळीवर रिकामी जागा होती.

ह्या माणसाने आपल्याला इतकं ओळखावं, याचा तिला मनस्वी राग आला.

"डांबिस माणूस," ती म्हणाली. "आणि तू त्याची वकील. स्टूल आण."

"स्टूल? कशाला?"

"माळ्यावरचे कप काढायचेत."

*

नागपंचमीच्या सकाळी दशरथराव आंघोळ करून, सोवळं नेसून देवापुढे आले तेव्हा टॅब काखेत होता. त्यांनी तो सुलूपुढे धरला. पाच फण्यांचा नाग बुरुजाच्या दगडांना वेढा घालून बसला होता, मागे केवड्याचं बन, त्यामागे खाडी आणि खाडीवर श्रावणातलं अर्धं ऊन. खवला न् खवला ओला वाटत होता. कोपऱ्यात तिवरावर खंड्या, आणि त्याची चोच अखेर जमली होती.

सुलूने पाटी हातात घेतली. पहिल्यांदाच घेतली. डोळे बारीक करून बघितली.

"छान आहे. ह्याचा मोठा फोटो करून आणा. बाहेरच्या खोलीत लावू."

दशरथरावांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरू लागला. तेवढ्यात तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला. काचेच्या कपात, बशीसकट, काठोकाठ.

ते बशीकडे बघत राहिले. मग सुनेकडे बघितलं. सून भलत्याच मन लावून समईची वात सारखी करत होती.

"तिच्याकडे बघू नका. तिने सांगितलं नाही, मी विचारलं. चहा घ्या."

त्यांनी कप उचलला. कप किणकिणला, हिंदकळला, अर्धा चहा बशीत गेला.

"बघा," सुलू म्हणाली, "बशीत ओतायचे कष्ट वाचले."

मग दशरथरावांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांनी बशी तोंडाला लावली. दोन थेंब सोवळ्यावर पडले. फुर्रर्र आवाज झाला.

चहा संपल्यावर सुलूने धुतलेला लाकडी पाट त्यांच्यापुढे सरकवला. गंध तिने स्वतः उगाळलं होतं, घट्टसर. काडीला कापूस गुंडाळून तयार.

"सुलू," ते अगदी हळू म्हणाले, "आता नाही येत गं सरळ."

"मी सरळ म्हटलं? काढा म्हटलं."

त्यांनी काडी घेतली. काडीचं टोक पाटावर टेकलं आणि थरथरायला लागलं. सुलूचा हात आपोआप पुढे निघाला होता. तिने तो मागे घेतला आणि पदराचं टोक बोटांना गुंडाळून घट्ट आवळून धरलं. नागाचा फणा निघाला, दोन्हीकडे थोडा फाकलेला. मान निघाली. अंग निघालं, इकडे लवलं, तिकडे लवलं, मधेच दचकल्यासारखं झालं, पुढे गेलं. नागीण त्याच्या अंगाला घासत आली. पिल्लं तर जिथे जागा मिळेल तिथे वळवळत सुटली. एका पिल्लाच्या शेपटीशी गंधाचा मोठा थेंब पडला तसे दशरथराव थबकले, आणि सवयीने त्यांनी दोन बोटं पाटावर टेकली.

काही नाहीसं झालं नाही. उलट दोन बोटांचे दोन ओले ठसे उमटले.

"राहू द्या," सुलू म्हणाली. "अंडी आहेत ती."

मृणालिनीने तोंडावर हात दाबला. ती हसत होती की काय, ते समईच्या उजेडात नीट कळलं नाही.

शेवटचं पिल्लू होईस्तोवर दारात मिनलबेन आली, दर वर्षीसारखी, हातात दुधाची वाटी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. "भाभी, हो गया क्या? मैं फोटो..." ती पाटापाशी वाकली. मोबाइल उचलला, आणि तसाच धरून राहिली. तिने एकदा पाटाकडे बघितलं, एकदा दशरथरावांकडे. "इस साल नाग... थोड़ा अलग है ना, भाभी?"

दशरथरावांनी काडी वाटीत ठेवली. हात मांडीखाली घ्यायला निघाले होते.

"तो हात वर ठेवा," सुलू म्हणाली. "गंध लागेल सोवळ्याला."

मग ती पाटाकडे वळली. लग्नापासून दर वर्षी ह्या पाटाशेजारी ती ज्या सरळ रेघांच्या जोरावर मान ताठ करून बसली होती, त्यातली एकही आज तिथे नव्हती. तिने सावकाश, फण्यापासून शेपटीपर्यंत, सगळी वळणं बघून घेतली. लुगडं सावरलं, आणि नेहमीच्या जागी, नेहमीसारखी ताठ बसली. मिनलबेन उत्तराची वाट बघत होती. सुलू तिच्याशी बोललीच नाही. ती नवऱ्याकडे बघून, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"इतकी वर्षं तुम्ही पाटावर पाइपलाइन काढत होतात. नाग आज काढलात."